बियाणे, माती आणि माणसाची किंमत



आपल्या घरांत मुलांविषयी काही वाक्ये इतक्या सहजपणे बोलली जातात की ती बोलताना आपण एक निवाडा देत आहोत, याची जाणीवही आपल्याला राहत नाही. ‘अगदी बापावर गेला आहे, चारचौघांत तोंड उघडणार नाही.’ ‘त्यांच्या घराण्यातच धमक नाही.’ ‘खाण तशी माती.’ दहावीचा निकाल लागतो. एका भावाला पंच्याऐंशी टक्के मिळतात, दुसऱ्याला पन्नास. पाहुणे येतात तेव्हा पहिल्याचे कौतुक होते आणि दुसऱ्याला पाणी आणायला आत पाठविले जाते. ते दुसरे मूल पाण्याचे ग्लास घेऊन बाहेर येते, तोवर त्याने स्वतःविषयी एक मत बनविलेले असते.

माणसाचे स्वतःच्या मोलाविषयी असलेले हे मत म्हणजेच आत्मसन्मान. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्ग यांनी १९६५ साली तो मोजण्यासाठी दहा साध्या विधानांची एक प्रश्नावली तयार केली. जगभरात आजही तीच सर्वाधिक वापरली जाते. मी इतरांइतकाच मोलाचा आहे का, माझ्यात काही चांगले गुण आहेत का, मी निरुपयोगी आहे असे मला वाटते का, अशा स्वरूपाचे प्रश्न त्यात आहेत. पंधरा वर्षांचे मूल या प्रश्नांची जी उत्तरे देते ती कुठून येतात? आईवडिलांच्या रक्तातून, की घराच्या आणि मोहल्ल्याच्या वातावरणातून?

हा प्रश्न केवळ पंडितांच्या चर्चेचा नाही. सारे काही रक्तात असते असे मानले, तर आईवडील जबाबदारीतून मोकळे होतात आणि मूल जन्मठेपेचे कैदी बनते. सारे काही संगोपनावर अवलंबून आहे असे मानले, तर भित्र्या आणि अबोल मुलाची प्रत्येक आई गुन्हेगार ठरते. दोन्ही निवाडे अन्यायाचे आहेत. म्हणून अल्लाहने आपल्याला जे निसर्गाचे आणि वह्यीचे ज्ञान दिले आहे, त्या दोहोंच्या प्रकाशात हा प्रश्न तपासून पाहणे आपले कर्तव्य आहे.

शेत काय सांगते

अकोल्याच्या माणसाला हा विषय समजावण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. आपला जिल्हा कपाशीचा. १९६९ सालापासून येथे कृषी विद्यापीठ आहे आणि बियाण्याचे महत्त्व येथल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही. पण त्याच शेतकऱ्याला हेही ठाऊक असते की तेच बियाणे अकोट-तेल्हाऱ्याकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी, गोड्या पाण्याच्या विहिरीजवळ लावले तर एक पीक देते आणि पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात लावले तर दुसरे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून गेलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचे पाणीच खारट आहे. तेथे झाड खुरटे राहिले तर कोणताही समंजस शेतकरी बियाण्याला शिव्या देत बसत नाही.

दिव्य कुरआनने सूरह अल-आराफच्या ५८ व्या आयतीत हाच दाखला दिला आहे. चांगली जमीन आपल्या पालनकर्त्याच्या आज्ञेने भरभरून देते आणि खराब जमिनीतून कष्टाने थोडेसेच उगवते, असा त्या आयतीचा आशय आहे. भाष्यकारांनी तो मार्गदर्शन स्वीकारणाऱ्या आणि नाकारणाऱ्या अंतःकरणांना लावला आहे. परंतु पाऊस एकच असताना पीक वेगवेगळे का येते, हा विचार करण्याची दिशा आपल्याला त्यातून मिळते.

जुळ्या भावंडांची साक्ष

माणसाच्या बाबतीत बियाणे आणि माती वेगळी करून पाहणे अवघड असते, कारण जे आईवडील मुलाला जनुके देतात तेच त्याला घरही देतात. यासाठी शास्त्रज्ञांनी जुळ्या भावंडांचा आधार घेतला. एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांचा आनुवंशिक वारसा जवळजवळ तंतोतंत सारखा असतो. साध्या जुळ्यांत मात्र तो इतर सख्ख्या भावंडांप्रमाणेच जुळतो. एकसारखी जुळी स्वतःविषयीच्या मतातही एकमेकांशी अधिक जुळत असतील, तर त्यात आनुवंशिकतेचा हात आहे असे अनुमान निघते. अशा अभ्यासांचा एक आढावा २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार माणसामाणसांच्या आत्मसन्मानात जो फरक दिसतो, त्यातील सुमारे ३० ते ४० टक्के फरक आनुवंशिकतेशी निगडित आहे.

या आकड्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. एखाद्या मुलाच्या आत्मविश्वासातील ४० टक्के बापाकडून आला आणि ६० टक्के शाळेतून, असा याचा अर्थ मुळीच नाही. हा हिशेब समूहातील फरकांचा आहे. एकाच शेतात, एकाच खतपाण्यावर वेगवेगळी बियाणी लावली तर झाडांच्या उंचीतील जवळजवळ सारा फरक बियाण्याचा ठरेल. तेच मिश्र बियाणे दोन शेतांत लावले, एक कसदार आणि एक खारवट, तर प्रत्येक शेतातील फरक बियाण्याचा असेल, पण दोन शेतांमधील फरक निव्वळ मातीचा असेल. अमेरिकन आनुवंशशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७० साली असाच दाखला देऊन सांगितले होते की आनुवंशिकतेच्या टक्केवारीवरून दोन समाजांपैकी एक जन्मतः कमी प्रतीचा आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. आपल्याला आणि आपल्यासारख्या प्रत्येक मागासलेल्या समाजाला ही गोष्ट पक्की ठाऊक असली पाहिजे.

मग आत्मसन्मानाचे एखादे जनुक सापडले आहे काय? २०११ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी ऑक्सिटोसिन या संप्रेरकाशी संबंधित एका जनुकाचा आशावाद आणि आत्मसन्मान यांच्याशी संबंध जोडला आणि वृत्तपत्रांतून त्याचा मोठा गाजावाजा झाला. पुढील तपासण्यांत तो संबंध टिकला नाही. आज शास्त्रज्ञ असे मानतात की अशा मानसिक गुणांमागे एखादे जनुक नसते, असंख्य जनुकांचा सूक्ष्म सूक्ष्म वाटा असतो. ‘त्याच्या रक्तातच नाही’ हे वाक्य म्हणूनच शास्त्राच्या कसोटीवरही उतरत नाही.

जुळ्यांच्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली आणि ती प्रत्येक आईवडिलांनी काळजीपूर्वक ऐकावी. उरलेल्या फरकाचा सर्वांत मोठा भाग भावंडांच्या सामाईक वातावरणाशी नव्हे, तर प्रत्येकाच्या वाट्याला आलेल्या वेगवेगळ्या अनुभवांशी निगडित आढळला. म्हणजे छप्पर एक, ताट एक, तरीही दोन भावांचे घर एक नसते. एकाला ज्या घरात शाबासकी मिळते, त्याच घरात दुसऱ्याला तुलना मिळते. पाहुण्यांसमोर एकाचे नाव घेतले जाते आणि दुसऱ्याला पाणी आणायला सांगितले जाते, तेव्हा एकाच भिंतींच्या आत दोन वेगळी घरे उभी राहतात.

प्रेषितांनी स्वभावभेद कसा पाहिला

आता आपण प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणीकडे वळू या. सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम या दोन्ही ग्रंथांत एक प्रसंग आला आहे. एका माणसाच्या पत्नीला सावळ्या रंगाचे मूल झाले आणि त्याच्या मनात शंका आली. प्रेषितांनी (स.) त्याला विचारले की तुझ्याकडे उंट आहेत काय आणि त्यांचा रंग कोणता? तो म्हणाला, तांबडा. त्यांत एखादा राखाडी आहे काय? होता. तो कुठून आला? त्या माणसाने उत्तर दिले की कदाचित एखाद्या पूर्वजाचा अंश त्याच्यात उतरला असेल. प्रेषितांनी (स.) सांगितले की तुझ्या मुलाच्या बाबतीतही तसेच झाले असेल. आनुवंशिकता येथे मान्य केली गेली. मात्र ती एका स्त्रीची अब्रू आणि एका बालकाचे स्थान राखण्यासाठी वापरली गेली, कुणाला कमी लेखण्यासाठी नाही. आपण ‘रक्त’ हा शब्द नेमका उलट कामासाठी वापरतो.

दुसरा प्रसंग अब्दुल कैस टोळीच्या अशज्ज (र.) यांचा. शिष्टमंडळातील इतर लोक घाईने पुढे धावले, हे मात्र सावकाश, व्यवस्थित तयार होऊन आले. प्रेषितांनी (स.) त्यांना सांगितले की सहनशीलता आणि सबुरी हे अल्लाहला प्रिय असलेले दोन गुण तुमच्यात आहेत. अबू दाऊद यांच्या संग्रहातील वर्णनानुसार अशज्ज (र.) यांनी विचारले की हे गुण मी स्वतः कमावले आहेत की अल्लाहने मला तसेच निर्माण केले आहे? उत्तर मिळाले की अल्लाहनेच तुम्हाला तसे घडविले आहे. आजचे शास्त्र जो प्रश्न विचारते तोच प्रश्न एका साध्या माणसाने चौदाशे वर्षांपूर्वी विचारला होता. पण बुखारी व मुस्लिम यांच्याच एका दुसऱ्या हदीसमध्ये असेही सांगितले आहे की जो धीर धरण्याचा प्रयत्न करतो त्याला अल्लाह धीर देतो. म्हणजे काही गुण जन्मतः मिळतात आणि जे मिळाले नाहीत त्यांचेही दार बंद केलेले नसते.

‘खाण तशी माती’ म्हणणाऱ्यांनी आणखी एक हदीस लक्षात ठेवावी. माणसे सोन्याचांदीच्या खाणींसारखी असतात, असे प्रेषितांनी (स.) म्हटले आहे. अज्ञानकाळात जे उत्तम होते ते धर्माची समज आल्यावर इस्लाममध्येही उत्तम ठरतात, असे त्यात पुढे येते. खाणी वेगवेगळ्या असतात हे खरे, परंतु खाणीतले धन आपोआप वर येत नाही. ते खणावे लागते आणि समज हे ते खणण्याचे हत्यार आहे. १९२८ साली अकोला जिल्ह्यात जन्मलेले मौलाना अब्दुल करीम पारेख नागपुरात लाकडाचा व्यापार करीत. त्याच माणसाने सामान्य वाचकाला कुरआनचे शब्द कळावेत म्हणून शब्दकोश तयार केला आणि २००१ साली त्यांना पद्मभूषण देण्यात आले. कोणत्या खेड्यातील कोणत्या मुलात काय दडले आहे, हे त्याच्या घराण्याचे नाव ऐकून सांगता येत नाही.

येथे एक वाजवी प्रश्न उभा राहतो. अल्लाहनेच एकाला धीट आणि दुसऱ्याला बुजरा घडविले असेल, तर दुसऱ्यावर अन्याय झाला नाही काय? याचे उत्तर आणखी एका हदीसमध्ये सापडते. कुरआन अस्खलित वाचणाऱ्याचे स्थान मोठे आहे, पण जो अडखळत, कष्ट घेत वाचतो त्याला दुहेरी पुण्य आहे. अल्लाहच्या दरबारी माणूस कुठे पोहोचला एवढेच पाहिले जात नाही, तो कुठून निघाला हेही पाहिले जाते. हजरत मूसा (अ.) यांच्या जिभेत अडखळ होती आणि फिरऔनसमोर जाताना त्यांचे मन धास्तावले होते. अल्लाहने त्यांना अपात्र ठरविले नाही. त्यांनी प्रार्थना केली आणि त्यांचे भाऊ हारून (अ.) त्यांना सोबतीला दिले गेले. बुजऱ्या मुलाला टोमणा नको असतो, त्याला एक हारून हवा असतो.

माती आपल्या हातात आहे

बियाणे आपण निवडलेले नाही. माती मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे. खारपाणपट्ट्यातील शेतकरी जमिनीखालचे पाणी गोडे करू शकत नाही, पण शेततळे खणून पावसाचे गोडे पाणी साठवू शकतो आणि तेवढ्या पाण्यावर पीक वाचवितो. संगोपनाचे काम असेच आहे. आठ हजारांहून अधिक मुलांचा जन्मापासून वयाच्या २७ व्या वर्षापर्यंत मागोवा घेणाऱ्या एका अमेरिकन पाहणीचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या सहा वर्षांतील घरच्या वातावरणाचा आत्मसन्मानाशी असलेला संबंध वयाबरोबर कमी होत गेला, पण तिशीच्या उंबरठ्यावरही तो पुसला गेला नव्हता.

हे गोडे पाणी म्हणजे खोटी स्तुती नव्हे. नेदरलँड्समधील ५६५ मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. ‘तू इतरांपेक्षा श्रेष्ठ आहेस’ असे मानणाऱ्या पालकांच्या मुलांत पुढे आत्मसन्मान वाढला नाही, अहंकार वाढला. आत्मसन्मान वाढला तो ज्यांना आईवडिलांची माया मिळाली त्यांच्यात. सहीह मुस्लिममधील हदीस हीच सीमारेषा आखते. चांगले कपडे, चांगली पादत्राणे आवडणे म्हणजे गर्व नव्हे, सत्य नाकारणे आणि लोकांना तुच्छ लेखणे म्हणजे गर्व होय. हजरत अनस (र.) यांनी बालपणापासून दहा वर्षे प्रेषितांची (स.) सेवा केली. या काळात प्रेषितांनी (स.) एकदाही त्रासून ‘हूं’ म्हटले नाही, हे केले ते का केलेस असेही विचारले नाही, अशी त्यांची साक्ष आहे. आपल्या घरातील मूल आपल्याविषयी दहा दिवसांची तरी अशी साक्ष देऊ शकेल काय?

घराबाहेरची मातीही असते. २००६ सालच्या सच्चर समितीच्या अहवालाने नोंदविले होते की मुस्लिम समाजाला देशविरोधी ठरविले जाणे आणि लाडावलेला ठरविले जाणे, अशी दोन ओझी एकाच वेळी वाहावी लागतात. शाळेत किंवा भाड्याचे घर शोधताना आडनाव सांगावे लागते तेव्हा मुलाच्या चेहऱ्यावर काय उमटते, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. हे खारे पाणी खरे आहे आणि त्याविरुद्ध न्याय्य मार्गाने बोलत राहणे हेही आपले कर्तव्य आहे. तथापि रोझेनबर्ग यांनी आपल्या सहकारी संशोधिकेसह १९७१ साली प्रसिद्ध केलेला निष्कर्ष आपल्याला बळ देणारा आहे. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात कृष्णवर्णीय मुलांचा आत्मसन्मान गोऱ्या मुलांपेक्षा कमी असेल अशी सर्वांची समजूत होती, प्रत्यक्षात तो कमी आढळला नाही. कारण मूल स्वतःला प्रामुख्याने जवळच्या माणसांच्या डोळ्यांत पाहते. आई, वडील, शिक्षक, मित्र हे त्याचे आरसे असतात. जगाने कितीही धूळ उडविली तरी घरातील आरसा आपण स्वच्छ ठेवू शकतो.

म्हणूनच घरातला आरसा मळकट असेल तर दोष जगाला देता येत नाही. सूरह अल-हुजुरातने एकमेकांची टवाळी करण्यास आणि टोपणनावांनी चिडविण्यास मनाई केली आहे. आणि आपल्या घरांत ‘काळी’, ‘जाड्या’, ‘ढ’ ही हाक बनते. लग्न जुळविताना मुलीचा रंग आणि मुलाची बिरादरी तोलली जाते. हजरत अबू ज़र (र.) यांनी रागाच्या भरात एका माणसाला त्याच्या आईवरून हिणविले, तेव्हा तुमच्यात अजून अज्ञानकाळाचा अंश उरला आहे, अशा आशयाच्या शब्दांत प्रेषितांनी (स.) त्यांना फटकारले. अनेक विद्वानांच्या मते ती व्यक्ती म्हणजे हजरत बिलाल (र.) होते. इतक्या थोर सहाबींना जे ऐकावे लागले, ते आपल्याला लागू नाही असे कोण म्हणेल?

किंमत कोण ठरवितो

आतापर्यंत आपण बियाणे आणि माती यांचा विचार केला. या दोहोंतून मुलाची स्वतःविषयीची भावना घडते. परंतु भावना आणि किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वतःला कवडीमोल समजणारा माणूस खरोखर कवडीमोल नसतो.

ज़ाहिर (र.) नावाचे एक खेडूत सहाबी होते, दिसायला फारसे देखणे नव्हते. ते बाजारात आपला माल विकत असताना प्रेषितांनी (स.) मागून येऊन त्यांना प्रेमाने मिठी मारली आणि विनोदाने विचारले की या दासाला कोण विकत घेतो? ज़ाहिर (र.) म्हणाले की मग तर मला फारच कमी किंमत येईल. प्रेषितांनी (स.) उत्तर दिले की अल्लाहपाशी तुमची किंमत कमी नाही. मुसनद अहमद आणि इमाम तिर्मिज़ी यांच्या शमाइलमध्ये आलेला हा प्रसंग पाहा. ज़ाहिर (र.) यांना तुम्ही देखणे आहात, असे खोटे सांगितले गेले नाही. बाजाराने केलेले मोल हे त्यांचे मोल नव्हे, एवढेच सांगितले गेले. आणि ते सांगण्यापूर्वी त्यांना मिठी मारली गेली. हा क्रम पालकांनी ध्यानात ठेवावा.

उलट, आपली किंमत आपल्या उत्पत्तीवरून ठरविणारा पहिला कोण होता? इब्लीस. मी अग्नीपासून आणि हा मातीपासून, म्हणून मी श्रेष्ठ, हा त्याचा युक्तिवाद कुरआनमध्ये नोंदविलेला आहे. घराण्यावरून फुगणारा माणूस आणि घराण्यावरून खचणारा माणूस दोघेही त्याच चुकीच्या तराजूत उभे असतात. कुरआनने आदमच्या समस्त संततीला प्रतिष्ठा बहाल केली आहे आणि अधिक प्रतिष्ठेची कसोटी तकवा ठेवली आहे. पहिली प्रत्येकाला जन्मतः मिळते. दुसरी कुणालाही वारशाने मिळत नाही.

वाचकहो, आपल्यापैकी काहीजण आता वयाने मोठे झाले असतील आणि लहानपणी ऐकलेले एखादे वाक्य आजही त्यांच्या कानांत वाजत असेल. ते वाक्य उच्चारणारे कदाचित या जगात नसतील. त्यांच्यासाठी क्षमेची प्रार्थना करावी, पण त्यांचे वाक्य ईशवाणी नव्हते हेही मनात ठाम ठेवावे. ज्यांच्या घरात मुले आहेत त्यांनी आज रात्री एवढेच करावे. ज्या मुलाचे नाव पाहुण्यांसमोर घेतले जात नाही, त्याला जवळ बसवावे, त्याने स्वतःच्या कष्टाने केलेल्या एखाद्या लहानशा गोष्टीचा खरा उल्लेख करावा आणि पुढच्या वेळी पाणी आणण्याची पाळी दुसऱ्यावर सोपवावी. ‘बापावर गेला आहे’ हे शब्द ओठांवर आले, तर वाक्य येथेच न थांबविता त्यात बापाचा एखादा चांगला गुण जोडावा.

अल्लाह आपल्याला आपल्या मुलांकडे त्याने दिलेल्या तराजूतून पाहण्याची सद्बुद्धी देवो आणि आपली घरे गोड्या पाण्याची करो. आमीन.